डांबरगोळी किती, कुठे आणि कोणाच्या खोलीत? : एका घरगुती प्रश्नाचा हिशोब

"कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवाव्यात का?" हा प्रश्न नायगावच्या आठवडी बाजारात कोणालाही विचारा. उत्तर लगेच मिळेल: "ठेवा की, त्यात काय!" आता हाच प्रश्न नांदेडच्या एखाद्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. ते आधी उलट विचारतील, "घरात तान्हं बाळ आहे का?" दोन्ही उत्तरं आपापल्या अनुभवातून आलेली आहेत. संशोधनाची तयारी करणाऱ्या माणसानं यातलं एक उत्तर निवडून मोकळं व्हायचं नसतं. प्रश्न मोजता येईल असा करून घ्यायचा असतो.

पेट, नेट, सेटची तयारी करताना 'संशोधन समस्येची मांडणी' हे प्रकरण तुम्ही पाठ करता. आज तेच प्रकरण आपण कपाटावर वापरून बघू. लागणारं गणित बारावीपर्यंतचंच आहे. पण शेवटी जे निघतं, त्यावर घरातल्या नवजात लेकराची तब्येत अवलंबून असू शकते. म्हणून हिशोब नीट करू.

पहिली पायरी : गोळी नेमकी कशाची आहे?

आपण 'डांबरगोळी' म्हणतो, कारण हा पदार्थ मुळात दगडी कोळशाच्या डांबरातून काढला गेला. त्याचं नाव नॅफ्थॅलीन. हे नाव १८२१ मध्ये जॉन किड यांनी दिलं आणि पुढं मायकेल फॅरडे यांनी त्याचं रासायनिक सूत्र शोधलं. एका रेणूत १० कार्बन आणि ८ हायड्रोजन असतात, एकमेकांना चिकटलेल्या दोन षटकोनी कड्यांमध्ये बसलेले.

पण बाजारातली प्रत्येक पांढरी गोळी नॅफ्थॅलीनची नसते. काही गोळ्या पॅराडायक्लोरोबेंझीनच्या असतात. बाथरूममध्ये टांगायच्या सुगंधी वड्यांमध्येही हेच रसायन बऱ्याचदा असतं. तिसरा पदार्थ कापूर. तिन्ही पांढरे, तिन्ही उग्र वासाचे आणि तिन्ही हवेत हळूहळू उडून जाणारे. सुट्या विकल्या जाणाऱ्या पुडीवर घटकाचं नाव नसतं. मग ओळखायचं कसं?

घनतेवरून. दोन काचेचे ग्लास घ्या. एकात साधं पाणी आणि दुसऱ्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत मीठ घातलेलं पाणी. कापूर साध्या पाण्यावर तरंगतो. नॅफ्थॅलीनची घनता सुमारे १.१५, म्हणून ते साध्या पाण्यात बुडतं, पण संपृक्त मिठाच्या पाण्यावर (घनता सुमारे १.२) तरंगतं. पॅराडायक्लोरोबेंझीन दोन्हीत बुडतं. गोळीला बुडबुडे चिकटले तर ती खोटी तरंगते, म्हणून चमच्यानं बुडबुडे काढा. हातात प्लॅस्टिकची पिशवी किंवा हातमोजे घाला आणि तो ग्लास नंतर स्वयंपाकघरात वापरू नका.

ही साधी चाचणी इथं मुद्दाम सांगितली. आपल्या नमुन्यात काय आहे हे न तपासता पुढचे निष्कर्ष काढणं, ही प्रबंधांमधली फार जुनी चूक आहे. पुढचा सगळा हिशोब गोळी नॅफ्थॅलीनची आहे असं धरून केलेला आहे.

दुसरी पायरी : गोळी लहान होते म्हणजे काय होतं?

शाळेत 'संप्लवन' शिकलात तेच. नॅफ्थॅलीन ८० अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याच्या कितीतरी खाली, खोलीच्या तापमानालाच, घनरूपातून सरळ वायुरूपात जात राहतं. किती? २५ अंशांना त्याचा बाष्पदाब सुमारे ११ पास्कल असतो. आदर्श वायूच्या समीकरणात ही किंमत टाकली, की एक घनमीटर बंद हवेत जास्तीत जास्त साधारण ०.५७ ग्रॅम वाफ मावते असं निघतं. त्यापुढं हवा संपृक्त होते.

आता आपली जुनी पत्र्याची पेटी घ्या: ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. आकारमान साधारण ०.१९ घनमीटर. तिची हवा वाफेनं पूर्ण भरायला फक्त ०.११ ग्रॅम नॅफ्थॅलीन पुरतं. एक गोळी समजा ४ ग्रॅमची असेल, तर ती एकटी पेटीतली हवा पस्तीसएक वेळा भरू शकते. थोडी वाफ कपडे शोषून घेतात हे खरं, तरी मुद्दा स्पष्ट आहे. पेटी घट्ट बंद असेल तर एकाच्या जागी दहा गोळ्या टाकून वाफेची कमाल पातळी वाढत नाही. जास्त गोळ्या फक्त जास्त दिवस टिकतात.

पेटी किंवा कपाट घट्ट नसेल तर? लोखंडी कपाटाच्या दारांना फट असते, लाकडी कपाटाला तर असतेच. दार दिवसातून चार वेळा उघडलं जातं. मग आतली हवा कधी संपृक्त होतच नाही आणि वाफ सतत बाहेर, म्हणजे तुमच्या खोलीत येते. किडीला मारायला वाफ कमी पडते, आणि माणसाच्या नाकात जायला मात्र भरपूर असते. डांबरगोळीच्या वापरातली मूळ अडचण हीच.

तापमानाचा परिणामही बघा. नॅफ्थॅलीनचा बाष्पदाब २५ अंशांपासून ४० अंशांपर्यंत जवळजवळ चौपट होतो. नांदेड जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढं जातो आणि पत्र्याच्या छपराखालची खोली बाहेरच्यापेक्षाही तापते. जुन्या माळवदाच्या घरात जाड भिंतींमुळे खोली थंड राहायची. तेच कपाट पत्र्याखालच्या खोलीत हलवलं, की त्याच गोळ्या कितीतरी वेगानं उडायला लागतात. थंड देशातल्या पाकिटावर लिहिलेलं प्रमाण आपल्या उन्हाळ्याला जसंच्या तसं लावता येत नाही, ते यामुळे.

एक लोकप्रिय समजूत तपासून बघू

"गोळ्या वरच्या कप्प्यात ठेवा, वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली उतरते." हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. नॅफ्थॅलीनचा रेणूभार १२८, हवेचा सरासरी २९, म्हणून पटतं. पण संख्या टाकून बघा. एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १,१८० ग्रॅम. तिच्यात पूर्ण संपृक्त होईपर्यंत ०.५७ ग्रॅम वाफ मिसळली, तर वजनात पडणारा फरक शेकडा ०.०४ च्या आसपास. एवढ्या फरकानं वाफ थराथरानं खाली उतरत नाही. दार उघडल्यावर होणारी हवेची हालचाल याच्यापेक्षा कितीतरी मोठी असते.

मग गोळ्या वर ठेवूच नयेत का? ठेवाव्यात, पण कारण वेगळं आहे. लहान मुलांचा हात तिथं पोचत नाही आणि गोळी कपड्याला टेकत नाही. सल्ला बरोबर, स्पष्टीकरण चूक. व्हायवामध्ये परीक्षक नेमकं इथंच पकडतात.

तिसरी पायरी : आपण लढतोय कोणाशी?

आपल्याकडे कपडे खाणाऱ्या सगळ्याच किड्यांना 'कसर' म्हणतात. पण त्यात किमान तीन वेगळे गट आहेत.

पहिला गट कपड्यांच्या पतंगांचा. उडणारा छोटा पतंग कपडा खातच नाही, खाते ती त्याची अळी. तिचं अन्न केराटीन, म्हणजे लोकर, केस, पीस यांतलं प्रथिन. रेशमावरही ती जाऊ शकते, विशेषतः त्यावर घाम, तेल किंवा जेवणाचे डाग असतील तर. दुसरा गट काही छोट्या भुंगेऱ्यांचा. त्यांच्या केसाळ अळ्याही लोकरी आणि रेशमी वस्तू कुरतडतात. तिसरा गट चंदेरी, चपळ, पंख नसलेल्या किड्यांचा. जुन्या वहीत दिसतात तेच. त्यांना कागद, डिंक आणि कांजी केलेल्या सुती कापडातला स्टार्च आवडतो.

आता तुमच्या कपाटात काय आहे ते बघा. पॉलिस्टरच्या साड्या, जीन्स, धुतलेले सुती शर्ट यांना पतंगाच्या अळीपासून जवळजवळ धोका नाही. जपायच्या वस्तू मोजक्या असतात: स्वेटर, शाल, धनगरी घोंगडी, पैठणी, एखादा जुना हिमरूचा शेला. म्हणजे अख्ख्या कपाटात गोळ्या पसरायची गरजच नाही. चार-पाच वस्तू वेगळ्या काढून एका घट्ट डब्यात ठेवल्या की प्रश्नाचा आकार एकदम लहान होतो. संशोधनात यालाच व्याप्ती ठरवणं म्हणतात. व्याप्ती नीट ठरली की निम्मं काम होतं.

चौथी पायरी : खोलीतल्या हवेचा कच्चा हिशोब

आता मुख्य गणित. गृहीतकं आधी लिहू. गृहीतकं न लिहिता दिलेल्या आकड्याला किंमत नसते.

१. खोली १२ बाय १० फूट, उंची १० फूट. आकारमान सुमारे ३४ घनमीटर.
२. कपाटात १० गोळ्या, प्रत्येकी ४ ग्रॅम. एकूण ४० ग्रॅम.
३. गोळ्या ९० दिवसांत पूर्ण संपतात आणि सगळी वाफ शेवटी खोलीत येते.
४. खोलीतली हवा तासाला एकदा पूर्ण बदलते.
५. वाफ खोलीत सारखी मिसळते.

रोज उडणारं नॅफ्थॅलीन ४० भागिले ९०, म्हणजे ०.४४ ग्रॅम, अर्थात ४४० मिलिग्रॅम. दिवसभरात खोलीतून वाहून जाणारी हवा ३४ गुणिले २४, म्हणजे ८१६ घनमीटर. भागाकार केला, की खोलीतल्या हवेत दर घनमीटरला साधारण ०.५४ मिलिग्रॅम नॅफ्थॅलीन मिळतं.

हा आकडा मोठा की छोटा? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये घरातल्या हवेसाठी मार्गदर्शक मर्यादा दिल्या. त्यात नॅफ्थॅलीनची वार्षिक सरासरी मर्यादा दर घनमीटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. आपला कच्चा आकडा त्याच्या पन्नासपट आहे.

आता गृहीतकं हलवून बघा. खिडक्या उघड्या ठेवून हवा तासाला पाच वेळा बदलली, तर आकडा ०.११ होतो. तरीही मर्यादेच्या दहापट. थंडीत दारं-खिडक्या लावून झोपलात आणि हवा दोन तासांत एकदाच बदलली, तर १.१, म्हणजे शंभरपट. काही वाफ भिंती, गाद्या, पडदे शोषतात, त्यामुळे प्रत्यक्ष मोजमाप कमी येऊ शकतं. पण गृहीतकं दोन्ही बाजूंनी ताणली तरी उत्तर मर्यादेच्या आत यायला तयार नाही. कच्च्या हिशोबाचा उपयोग असा असतो. नेमका आकडा सांगणं हे त्याचं काम नव्हे, पण निष्कर्ष किती भक्कम आहे ते तो सांगतो.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे लक्षात घ्या. ही मर्यादा वर्षभराच्या सरासरीची आहे आणि ती ठरवताना सुरक्षिततेसाठी बरंच अंतर राखलेलं आहे. पन्नासपट म्हणजे माणूस उद्या आजारी पडेल, असा अर्थ होत नाही. पण "वर्षानुवर्षं झोपायच्या खोलीत गोळ्या ठेवायला हरकत नाही" असंही या आकड्यावरून म्हणता येत नाही. त्याच अहवालात, जास्त संपर्क टाळायचा सर्वांत परिणामकारक मार्ग म्हणजे नॅफ्थॅलीनच्या गोळ्यांचा वापरच सोडणं, असं सुचवलेलं आहे. युरोपीय संघात २००८ पासून त्यांची विक्री बंद झाली.

आणि वासावर विसंबू नका. नॅफ्थॅलीनचा वास माणसाला साधारण ०.४ मिलिग्रॅम प्रति घनमीटरच्या आसपास जाणवू लागतो. म्हणजे खोलीत शिरल्यावर वास आला, तेव्हा तुम्ही मर्यादेच्या कितीतरी वर असता. शिवाय नाक सरावतं. घरच्यांना वास येत नाही, पाहुण्याला दारातच येतो.

पाचवी पायरी : सगळ्यांना सारखाच धोका असतो का?

नाही. या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग इथं सुरू होतो.

१९६३ मध्ये ग्रीसमधल्या डॉक्टरांनी २१ नवजात बाळांची हकिगत प्रसिद्ध केली. या बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी अचानक फुटल्या होत्या आणि तीव्र कावीळ झाली होती. काहींच्या मेंदूपर्यंत काविळीचा परिणाम पोचला आणि दोन बाळं दगावली. बाळांनी गोळ्या गिळल्या नव्हत्या. घरात डांबरगोळ्या घालून ठेवलेले कपडे आणि पांघरुणं होती आणि त्यांची वाफ श्वासातून जात होती. यातल्या अनेक बाळांमध्ये जी६पीडी या विकराची कमतरता आढळली. पण सगळ्यांमध्ये नाही, हेही महत्त्वाचं.

यामागची यंत्रणा अशी. नॅफ्थॅलीन शरीरात गेलं की यकृतात त्याचं रूपांतर नॅफ्थॉल आणि पुढं नॅफ्थोक्विनोन अशा पदार्थांत होतं. हे पदार्थ लाल पेशींवर ऑक्सिडीकरणाचा मारा करतात. त्यापासून बचाव करणारा ग्लुटाथायोन हा रेणू पेशीत कार्यक्षम ठेवायला जी६पीडी विकर लागतो. इतर पेशींकडे पर्यायी वाटा असतात, लाल पेशींकडे नसतात. विकर कमी असेल तर पेशी फुटतात, हिमोग्लोबिन बाहेर पडतं, त्यातून बिलिरुबिन तयार होतं. नवजात बाळाचं यकृत बिलिरुबिन बाहेर टाकायला अजून पुरेसं तयार नसतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी येतात आणि कावीळ झपाट्यानं वाढते.

ही कमतरता आनुवंशिक आहे आणि तिचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून मुलग्यांमध्ये जास्त दिसते. आणि ती फक्त ग्रीसची गोष्ट नाही. १९८४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका कोळी कुटुंबात या विकराचा एक प्रकार सापडला. त्याला 'जी६पीडी कल्याण' असं नाव मिळालं, आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणवरून. केरळमध्ये सापडलेल्या दुसऱ्या एका प्रकाराचं नाव 'जी६पीडी केरळ' होतं. विकराच्या जैवरासायनिक गुणधर्मांवरून ते दोन वेगळे प्रकार मानले गेले. १९९२ मध्ये डीएनए तपासल्यावर कळलं, की दोन्हींत बदल एकच आहे: साखळीतल्या ३१७ व्या जागी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरं. तेव्हापासून त्याला 'केरळ-कल्याण' असं जोडनाव आहे.

हा प्रसंग तुमच्या वहीत लिहून ठेवा. मोजण्याची पद्धत बदलली की दोन गोष्टी एक होतात, कधी एकाच्या दोन होतात. आपलं वर्गीकरण आपल्या साधनाएवढंच भक्कम असतं.

घरासाठी याचा अर्थ सरळ आहे. आपल्या बाळात ही कमतरता आहे की नाही, हे बहुतेक कुटुंबांना माहीतच नसतं, कारण प्रत्येक नवजात बाळाची ही तपासणी सगळीकडे होत नाही. म्हणून "आमच्याकडे कधी काही झालं नाही" हा युक्तिवाद चालत नाही. आजवर घरात अशी कमतरता असलेलं बाळ जन्मलंच नसेल.

बाळंतिणीची खोली

आता हे सगळं आपल्या घरात आणून बघा. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते. आई पेटीतून जुनी झबली, टोपडी, दुपटी आणि मऊ गोधडी काढते. थोरल्या भावंडाची, मायेनं जपलेली, डांबरगोळ्या घालून ठेवलेली. बाळाला वारा लागू नये म्हणून खोलीच्या खिडक्या बंद. त्याच खोलीत कपाट. बाळाला रोज तेलमालिश.

यातली प्रत्येक गोष्ट प्रेमापोटी केलेली आहे, आणि प्रत्येक गोष्टीनं बाळापर्यंत पोचणारी मात्रा वाढते. गोधडीतून वाफ थेट नाकाशी. बंद खिडक्यांमुळे हवा बदलत नाही. नॅफ्थॅलीन तेलात विरघळतं, त्यामुळे तेल लावलेल्या त्वचेतून ते जास्त शोषलं जाण्याची शक्यता असते. गोळ्यांत ठेवलेले लंगोट वापरल्यानं बाळांना असाच त्रास झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात जुन्या काळापासून आहेत.

म्हणून हा एक नियम अपवाद न ठेवता पाळा: तान्ह्या बाळाच्या कपड्यांत, अंथरुणात आणि खोलीत डांबरगोळी नको. गर्भवती स्त्रीच्या झोपायच्या खोलीतही नको. जुने कपडे आधीच गोळ्यांत ठेवलेले असतील तर ते बाळ यायच्या कितीतरी आधी काढा, काही दिवस बाहेर उन्हा-वाऱ्यात ठेवा, गरम पाण्यात धुवा. तरी वास राहिलाच तर ते बाजूला ठेवा आणि धुतलेल्या जुन्या सुती साडीचं नवं दुपटं शिवा.

'कर्करोगकारक' हा शब्द कसा वाचायचा?

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००२ मध्ये नॅफ्थॅलीनला '२ ब' गटात टाकलं, म्हणजे 'माणसात कदाचित कर्करोगकारक'. पॅराडायक्लोरोबेंझीनही त्याच गटात आहे. समाजमाध्यमांवर याचा मथळा होतो, "डांबरगोळीनं कॅन्सर!"

हे वर्गीकरण पुरावा किती भक्कम आहे ते सांगतं, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. इथला मुख्य पुरावा प्रयोगशाळेतल्या उंदरांचा आहे. त्यांना जास्त मात्रेची वाफ दीर्घकाळ दिल्यावर नाकात आणि फुप्फुसात गाठी आढळल्या. माणसांवरचा पुरावा अपुरा आहे. म्हणून घाबरून जायचं कारण नाही, आणि "सिद्ध झालेलं नाही" म्हणून दुर्लक्ष करायचंही कारण नाही. स्वस्त पर्याय हाताशी असताना संपर्क कमी ठेवणं हा व्यवहार्य निष्कर्ष आहे.

मग घरात काय करायचं?

आधी गोळीशिवायचे उपाय. लोकरी आणि रेशमी कपडे ठेवण्यापूर्वी स्वच्छ करा, कारण अळीला घाम आणि डाग हवे असतात. घोंगडी आणि स्वेटर झटकून, शिवणींवरून ब्रश फिरवून उन्हात टाका. पन्नास अंशांच्या आसपासच्या उष्णतेत अंडी आणि अळ्या मरतात. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मेच्या उन्हात ठेवलेली घोंगडी आतपर्यंत चांगली तापते. पैठणीला मात्र हा उपाय नको, रंग उडतो. ती मऊ सुती कापडात गुंडाळून घट्ट डब्यात ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी सावलीत उलगडून घडी बदला. छोटी लोकरी वस्तू असेल तर पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. संग्रहालयंही गोठवण्याची हीच पद्धत वापरतात.

कडुलिंबाचा पाला, वेखंड, लवंग यांच्या पुरचुंड्या जुन्या घरांमध्ये असतात. त्यांचा काही प्रमाणात किडी दूर ठेवायला उपयोग होतो, पण आधीच लागलेली कसर त्यांनी मरेल असं समजू नका. वेखंडही मुलांच्या हाती लागू देऊ नका.

गोळी वापरायचीच असेल तर हे नियम पाळा:

- झाकण घट्ट बसणारी पेटी किंवा डबा हवा. रोज उघडायच्या कपाटात गोळी नको.
- पेटी झोपायच्या खोलीत नको. माळ्यावर किंवा वापरात नसलेल्या, हवा खेळत्या खोलीत ठेवा.
- आपल्या पेटीच्या मापाला एक-दोन गोळ्या पुरतात. पाकिटावर प्रमाण दिलेलं असेल तर त्याच्या पुढं जाऊ नका.
- गोळी सुती पुरचुंडीत बांधा. जरीला, प्लॅस्टिकच्या बटणांना, टिकल्यांना टेकू देऊ नका. काही प्लॅस्टिक या वाफेनं मऊ पडतात.
- दोन प्रकारच्या गोळ्या एकत्र करू नका. मिश्रणाचा वितळणांक खाली येतो आणि आपल्या उन्हाळ्यात ते पातळ होऊन कपड्याला डाग पडतात.
- कपडा घालायच्या आधी किमान एक दिवस बाहेर वाऱ्यावर ठेवा.
- धान्याच्या कोठीत, स्वयंपाकघरात, बेसिनच्या जाळीवर, साप येऊ नये म्हणून घराभोवती टाकू नका. सापाबाबत भरवशाचा पुरावा नाही, आणि अंगणात खेळणारं लेकरू ती उचलतं.
- उरलेल्या गोळ्या चुलीत टाकू नका. पिशवीत बंद करून कचऱ्यात द्या.

गोळी गिळली तर

पांढरी गोळी मुलाला पेपरमिंटसारखी दिसते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका. दूध, तूप, तेल देऊ नका, स्निग्ध पदार्थांबरोबर ती जास्त शोषली जाते. उरलेली गोळी किंवा पाकीट सोबत घेऊन सरळ जवळच्या सरकारी दवाखान्यात जा, किंवा १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. नायगावकडून पुढं पाठवायची वेळ आली तर नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

पहिल्या दिवशी मूल खेळतंय म्हणून निश्चिंत होऊ नका. लाल पेशी फुटण्याची लक्षणं एक ते तीन दिवसांनीही दिसतात: काळ्या चहासारखी लघवी, डोळे पिवळे होणं, अंग पांढरं पडणं, सुस्ती, धाप. तान्हं बाळ पिवळं दिसत असेल आणि घरात डांबरगोळ्या असतील, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही होऊन सांगा. निदानाला त्या एका वाक्याची फार मदत होते.

तुमच्यासाठी सराव

वरच्या हिशोबातलं तिसरं गृहीतक, म्हणजे गोळी ९० दिवसांत सारख्या वेगानं संपते, हे सर्वांत कच्चं आहे. स्थिर हवेत एकट्या गोल गोळीचा विचार केला, तर तिच्या त्रिज्येचा वर्ग वेळेबरोबर सरळ रेषेत कमी होतो, वजन नाही. त्यावरून सुरुवातीचा वेग सरासरीच्या दीडपट निघतो. म्हणजे नव्या गोळ्या टाकल्यावरचे पहिले आठवडे सर्वांत वाईट.

हे तपासायचा प्रयोग आखा. एकाच पाकिटातल्या नऊ गोळ्या: तीन उघड्या वाटीत, तीन घट्ट डब्यात, तीन कपाटासारख्या फटी असलेल्या खोक्यात. दर रविवारी मिलिग्रॅमपर्यंतच्या काट्यावर वजन, सोबत तापमानाची नोंद. प्रत्येक गटात तीन का, एक का नाही? वजन करताना डबा उघडल्यानं काय बिघडतं? आलेख कशाचा काढाल, वजनाचा की वजनाच्या दोन-तृतीयांश घाताचा? या तीन प्रश्नांची उत्तरं लिहिलीत, की एक छोटा संशोधन प्रस्ताव तयार झाला. प्रयोग महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, धूर खेचणाऱ्या कपाटाखाली करा. घरी नको, आणि का नको, ते आता तुम्ही आकड्यांनिशी सांगू शकता.

त्याआधी एक काम आजच करा. घरातल्या कपाटाचं दार उघडून गोळ्या मोजा, आणि ते कपाट कोणाच्या उशाशी आहे ते बघा.